बैठकीच्या हाडावरचा डाग

अनया, ईशान,

आजोबांच्या आजारपणाबद्दल तुम्हाला जे कळलं ते फोनवरून, तुकड्यातुकड्याने. कधी बाबाने सांगितलं, कधी मी, आणि प्रत्येक वेळी सांगणाऱ्याने काहीतरी गाळलं. तलासरीच्या शाळेत मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. अर्धवट उत्तर लिहिणाऱ्या मुलाला मी ते पुन्हा लिहायला लावत असे. तेव्हा आता माझी पाळी.

आजोबांना विचारूनच लिहिते आहे. म्हणाले, "लिही. फक्त मला शूरवीर करू नकोस. आणि दुसऱ्या कुणाच्या घरी हे आलं तर त्यांनाही वाचायला दे."

घरातली गोष्ट

आजोबा सरकारी मोजणीदार होते. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतले डोंगर, शेतं, पाडे त्यांनी साखळी ओढत पायी मोजले. ताठ माणूस. कपडे इस्त्रीचे, आणि ते धुण्याचं काम आयुष्यात कधी केलेलं नाही. एके दिवशी सकाळी मी बाथरूममध्ये गेले तर त्यांची पँट धुऊन, पिळून बादलीच्या काठावर टाकलेली होती. मी काही विचारलं नाही. मग हे रोजचंच झालं.

लघवी गळत होती. हे वाक्य लिहायला मला आत्ता जेवढा वेळ लागला, त्याहून कितीतरी जास्त वेळ आम्हाला ते घरात बोलायला लागला. डायपर आणायचे तर आमच्या मसोली गावातल्या औषधाच्या दुकानातून, आणि तो दुकानदार माझा विद्यार्थी. मला पाहिलं की उठून उभा राहतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतो, "बोला बाई, काय देऊ?" त्याला काय सांगणार?

मी एक जुनी सुती साडी फाडली. मऊ, चौपदरी घड्या केल्या, कडांना टाके घातले आणि आजोबांच्या कपाटात बनियनच्या खाली ठेवून दिल्या. तेही काही बोलले नाहीत. घड्या कमी व्हायच्या, मी नव्या ठेवायचे. या एका गोष्टीवर आमच्यात कधी एक शब्द झाला नाही. मला वाटायचं, आम्ही एकमेकांना फार छान सांभाळून घेतो आहोत.

पुढे ताप आला, लघवी तुंबली, तेव्हा दवाखाना गाठावाच लागला. रक्त तपासलं, मग प्रोस्टेटचा तुकडा काढून तपासायला पाठवला.

डॉक्टर म्हणाले

डॉक्टर बाबापेक्षाही वयाने लहान. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"कॅन्सर आहे, काका. प्रोस्टेटमध्ये आहे. आता प्रश्न एवढाच, तो तिथेच आहे की हाडांत उतरलाय."

"हाडांतच का?" मी विचारलं.

"हा बाहेर पडला की बहुतेक वेळा हाडांकडे जातो. जागच्या जागी असेल तर पूर्ण बरा करायचा प्रयत्न करू. हाडांत असेल तर आवरून ठेवू. ती ट्रीटमेंट वेगळी, बोलणंही वेगळं."

"म्हणजे आधी मोजणी करायची," आजोबा म्हणाले.

"बरोबर. आधी मोजणी."

घरी परतताना माझ्या डोक्यात हे दोनच शब्द फिरत होते, बरा करणं आणि आवरून ठेवणं. आजोबांच्या डोक्यातही तेच असणार. पण ते म्हणाले, "संध्याकाळी दुधी नको करूस."

वापीला

हाडांचा स्कॅन करायला आम्ही सीमेपलीकडे गुजरातेत वापीला गेलो. मसोलीहून ते जवळ पडतं. गाडी रानशेतच्या गुलाबची. तो आमच्याकडे नेहमी येणारा ड्रायव्हर.

या तपासणीत शिरेतून थोडं किरणोत्सारी औषध देतात. हाड जिथे काही कामात गुंतलेलं असतं, म्हणजे झीज भरून काढत असतं, जुना मार सावरत असतं, किंवा रोगाशी झगडत असतं, तिथे ते औषध जास्त साठतं आणि चित्रात काळं उमटतं. बाकीचं लघवीतून निघून जातं. म्हणून सांगतात, भरपूर पाणी प्या, सारखं जाऊन या.

तिथल्या संडासाचं दार थेट बसायच्या जागेत उघडत होतं. कडी नीट लागत नव्हती. दोन्ही बाजूंनी माणसं बसलेली. आजोबांनी बाटलीतलं पाणी घोट घोट करून पुरवलं.

"अहो, जाऊन या ना."

"आत्ताच गेलो होतो."

"ते मघाशी."

"सगळे बघतात गं."

आत नेण्याआधी सांगितलं होतं, अंगावर धातूचं काही नको. हे काम मी माझ्याकडे घेतलं. घड्याळ, पट्टा, चष्मा, खिशातली नाणी, करदोट्याला अडकवलेली चांदीची चावी, सगळं रुमालात बांधून घेतलं आणि दोनदा तपासलं. कापड धातूचं नसतं. ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

संध्याकाळी रिपोर्ट मिळाला. तो इंग्रजीत होता, म्हणून मीच आधी वाचला. त्यातला प्रत्येक शब्द मला येत होता. उजव्या बाजूला बैठकीच्या हाडापाशी 'सस्पिशस' म्हणजे संशयास्पद साठा, रोग पसरल्याची शक्यता, पुढील तपासणी करावी. हा शब्द मी कितीतरी वर्गांना शिकवला आहे. वाक्यात उपयोग करा म्हटलं की पोरं हमखास अनोळखी माणसावर भुंकणाऱ्या कुत्र्याचं वाक्य करायची.

आजोबांनी चित्र हातात घेतलं. सगळा सांगाडा पुढून आणि मागून. त्यांनी ते उजेडासमोर धरलं.

"उत्तर कुठली?"

"अहो, हा काय गावचा नकाशा आहे?"

"काम सुरेख केलंय. बरगडी अन् बरगडी वेगळी दिसते." मग बोट खाली गेलं आणि थांबलं. "हा का?"

"हो."

तलासरीची कोंडी

परतताना तलासरीच्या पुढे हायवेवर गाडी अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, एका बाजूला दुभाजक, दुसऱ्या बाजूला रस्त्याच्या कामासाठी खणलेलं. इंजिनं बंद करून लोक खाली उतरले होते. आजोबा मागच्या सीटवर मांडीवर रिपोर्टची पिशवी घेऊन बसले होते. थोड्या वेळाने त्यांची चुळबुळ सुरू झाली. गुलाबच्या ते लक्षात आलं.

"काका, उतरा ना. त्या ट्रकच्या आड उभे राहा. इथं कोण बघतंय?"

"मी काय ट्रकवाला आहे?"

"ट्रकवाले सुखी आहेत, काका."

मला हसू आलं, त्यांना आलं नाही. मी पाण्याची रिकामी बाटली पुढे केली. ती त्यांनी माझ्या हातासकट परत सरकवली. नंतर कधीतरी त्यांनी वर्तमानपत्र उघडून मांडीवर पसरलं आणि ते वाचत असल्यासारखे बसून राहिले. मी खिडकीतून खणलेल्या रस्त्याकडे पाहत राहिले. गाडीत वास येत होता आणि आम्ही तिघंही तो येत नाही असं वागत होतो.

त्यानंतरचे आमचे दिवस घरात बसूनही त्या गाडीतल्यासारखेच गेले.

लंगडणं

रिपोर्ट आल्यापासून आजोबा उजव्या पायाने लंगडायला लागले. त्याआधी त्यांचं तिथे कधीच दुखलं नव्हतं. खुर्चीत डाव्या बाजूवर भार देऊन तिरके बसायचे. झोपायला दुसऱ्या खोलीत गेले. मला म्हणाले, तुझी झोपमोड होते. मी धरून चालले की रोग आता पायात उतरतो आहे. रोज पाहत होते, आज लंगडणं जास्त की कालचं.

गंजाडहून मधुकर भावजी आले, आजोबांचे धाकटे भाऊ. सोबत घरचे तांदूळ आणि नाचणीचं पीठ. थोडा वेळ बसले आणि मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन हळू आवाजात मला विचारलं, "वहिनी, दादाने गंजाडच्या शेताचं काय ठरवलंय?"

बाहेरून आवाज आला, "मधू, मी अजून खुर्चीत आहे. शेतही जागेवर आहे."

"तसं नाही रे दादा."

"मग कसं?"

भावजींनी चहा अर्धाच प्यायला. ते वाईट नाहीत. त्यांच्याही मनाने धरलं होतं की आता संपत आलं. आम्हा सगळ्यांच्याच मनाने धरलं होतं.

आणि तुमचा बाबा. रोज एकच प्रश्न, "आई, आत्ताच येऊ का?" ये म्हणावं तर आजोबांना कळणार की मी काय समजते आहे. नको म्हणावं आणि उशीर झाला तर? मी म्हणायचे, थांब. फोन ठेवायचे आणि पोळपाट घेऊन बसायचे. त्या दिवसांत आमच्याकडे फार पोळ्या उरायच्या.

मुंबईला

डॉक्टर चित्राकडे बराच वेळ पाहत राहिले. "एकच डाग आहे, आणि जागा मला पटत नाही. पण सोडूनही देता येत नाही. आपण पीएसएमए पेट स्कॅन करू."

त्यांनी समजावलं ते असं. पहिली तपासणी हाडाची धावपळ दाखवते, पण ती कशामुळे हे सांगत नाही. या दुसऱ्या तपासणीतलं औषध प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या पेशींना जाऊन चिकटतं, आणि सोबतच्या सीटी स्कॅनमुळे ते नेमकं कुठे आहे तेही कळतं. हाडात, हाडाच्या बाजूला, की गाठीत. शंभर टक्के खात्री तीही देत नाही, पण उपचार कोणत्या वाटेने न्यायचे हे ठरवायला ती फार उपयोगाची. त्यासाठी मुंबईला जावं लागणार होतं. ते औषध तयार केल्यावर फार टिकत नाही, म्हणून तारीख मिळेपर्यंत थांबावं लागतं. आम्ही थांबलो.

तो विभाग रुग्णालयाच्या तळघरात होता. जाड भिंती, खिडकी नाही, दारावर पिवळी खूण. समोरच्या बाकावर दोन पुरुष बसले होते, एक वर्तमानपत्र वाचत. एक मध्यमवयीन सिस्टर फाइल घेऊन आली आणि उभ्या उभ्याच विचारायला लागली.

"आजोबा, शुगर आहे?"

"नाही."

"लघवी गळते?"

"नाही."

"डायपर, पॅड, कापड, काही लावलंय?"

"नाही."

"नक्की ना? औषध लघवीतून उतरतं. कापडात थेंबभर राहिलं तरी चित्रात भलतीकडे डाग दिसतो."

तिने हे अगदी सहज सांगितलं, रोज सांगत असावी. माझ्या डोळ्यांसमोर मात्र वापीचा तो दिवस उभा राहिला. रुमालातल्या वस्तू, दोनदा केलेली तपासणी, आणि कपाटातल्या माझ्या घड्या. मी आजोबांकडे पाहिलं. ते समोरच्या भिंतीकडे पाहत होते. मान ताठ. मला कळत होतं, आपण बोललो तर हा माणूस आपल्याला क्षमा करणार नाही. आणि नाही बोललो तर पुन्हा तोच डाग, आणि या वेळी तो कायमचा.

"आहे," मी म्हणाले. "कापड आहे. आधीच्या स्कॅनच्या वेळीही होतं."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी माझ्याकडे असं कधीच पाहिलं नव्हतं.

सिस्टरच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. "बरं झालं सांगितलंत. मी डॉक्टरांना कळवते. आजोबा, ते काढायचं, स्वच्छ धुवायचं, इथला गाऊन घालायचा. स्कॅनच्या आधी जाऊन आलात की पुन्हा धुवायचं आणि मला बोलवायचं. यात लाजायचं काय? इथे रोज येतात सगळे असेच."

समोरच्या गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली न घेताच म्हटलं, "हमारा भी है, दादा."

दुसरे म्हणाले, "माझा तर पूर्ण उघडाच नळ आहे."

आजोबा हसले नाहीत. उठले, सिस्टरच्या मागे गेले, आणि दार बंद झालं. मला आत सोडलं नाही. मी त्या दोन अनोळखी पुरुषांसमोर पदराने तोंड झाकून बसले. मी त्यांची अब्रू चार माणसांत काढली होती, आणि ती काढून काही उपयोग होणार होता की नाही हेही मला माहीत नव्हतं. डाग खराही असू शकत होता.

परतताना चारोटीला थांबलो. तिथे गुलाब चहा घ्यायला उतरला.

"वापीच्या त्या मुलानेही विचारलं होतं," आजोबा म्हणाले. "कपडा गीला है क्या म्हणून. मी नाही म्हटलं."

मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली.

"मला आधी विचारायचं तरी, इतक्या लोकांत बोलण्याआधी."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

"हो," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "ती आकाशी साडी होती ना? चांगली होती गं अजून."

"विरली होती."

त्या विषयावरचं आमचं हे पहिलं बोलणं.

हाडात नाही

डॉक्टरांनी या वेळी दार लावलं नाही. "काका, त्या हाडात काही नाही. पेटमध्ये नाही, सीटीवरही नाही. तो डाग हाडावर नव्हताच, हाडासमोर होता, कापडात." मग स्क्रीनवर एक छोटा ठिपका दाखवला. ओटीपोटातल्या एका लहान ग्रंथीत थोडी चमक होती. "हा मात्र खरा असू शकतो. पण रेडिएशनच्या टप्प्यात आहे. आपण बरा करायच्या वाटेने जाऊ."

आजोबा उठून दारापर्यंत सरळ चालत गेले. पाय लंगडत नव्हता. मी हे त्यांना सांगितलं नाही.

सुटलो असं मला वाटलं नाही, हे तुम्हाला खरं सांगते. कोंडलेली खोली थोडी मोठी झाली, इतकंच. नसलेल्या जागी असलेला रोग गेला, असलेल्या जागचा होताच. पण मनात येतं, ती सिस्टर त्या दिवशी घाईत असती तर? आणि मी नेहमीसारखी सांभाळून घेत बसले असते तर? आम्ही दोघंही शिकलेले. आमच्या हातात रिपोर्ट होता, डॉक्टरांचा फोन नंबर होता, आणि जे बोलायला हवं होतं ते आमच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

उपचारांबद्दल थोडक्यात. हार्मोनची इंजेक्शनं सुरू झाली आणि आजोबांना एकदम गरम वाफा यायला लागल्या. पंख्याखाली घाम पुसत म्हणाले, "हे काय होतंय?" मी म्हणाले, "माझ्या पन्नाशीत मला व्हायचं तेच. तेव्हा तुम्ही पंखा बंद करायचात." मग रेडिएशन. त्यासाठी मुंबईत एक खोली घेऊन राहिलो. तिची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडायची. या उपचाराच्या वेळी मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणजे बाजूचं आतडं, मूत्राशय किरणांपासून जरा वाचतं. त्यामुळे पाणी पिऊन, दाबून धरून बसलेल्या म्हाताऱ्यांची रोज एक रांग असायची. कुणी विनोद केला की बाकीचे हात जोडायचे, "नको हो, हसवू नका." त्या रांगेत आजोबांचे मित्र झाले. निवृत्त झाल्यापासून त्यांनी नवा मित्र केला नव्हता.

आता रेडिएशन संपलं आहे. इंजेक्शनं चालू आहेत. ठरावीक काळाने रक्त तपासतात. रिपोर्ट यायच्या आधीचे दिवस घर पुन्हा लहान होतं. थकवा येतो, चिडचिड होते, दोघांचीही. हे तुम्हाला फोनवर कळत नाही, कारण फोन आला की आम्ही दोघं छान कपडे घालून बसतो.

शेवटचं

डॉक्टरांनी आम्हाला एक गोष्ट बजावली होती. वडिलांना हा रोग असेल तर मुलाला धोका जरा जास्त असतो. त्याने डॉक्टरांशी लवकर बोलावं, त्रास असो वा नसो. हे बाबाला सांगायचं मी माझ्याकडे घेतलं आणि कित्येक रविवार घालवले. प्रत्येक वेळी तुम्ही दोघं कॅमेऱ्यात असायचात, मग मी पावसाचं बोलायचे, चिकूचं बोलायचे.

एका रविवारी आजोबांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"स्पीकर बंद कर. मुलांपासून जरा बाजूला जा."

"काय झालं, बाबा?" दार लागल्याचा आवाज आला.

"किती वेळा उठतोस? झोपेतून, लघवीला."

"बाबा, मी एकदम ठीक आहे."

"ते मी विचारलं नाही."

मला वाटलं फोन कट झाला. आजोबा वाट पाहत राहिले. इतका वेळ गप्प राहून वाट पाहताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"दोनदा," बाबा म्हणाला. "कधी तीनदा. बरेच महिने झाले. हिलाही बोललो नाही."

"बरं," आजोबा म्हणाले. "आता मला बोललास. उद्या डॉक्टरांशी बोल. आणि ते जे विचारतील त्याला खरं उत्तर दे, खोलीत कोणीही असो."

हे काही नसेलही. पुरुषांना वयाबरोबर असं होतं, आमचे डॉक्टरही तसंच म्हणाले. पण तपासायला हवं. बाबाने वेळ घेतली आहे. हा शेवटचा भाग लिहू का, म्हणून मी त्याला विचारलं. तो म्हणाला, लिही. तुम्हाला मराठी वाचायला जड जातं, म्हणून हे सगळं तोच तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवणार आहे.

आत्ता तो या ओळीवर असेल. त्याच्याकडे बघा आणि विचारा, गेला होतास का.

तुमची,
आजी